विजेचे सूप

दिवाळी सरली की खोडाळ्याच्या आसपास पाड्यापाड्यावर खळी तयार होतात. शेणाने सारवलेल्या खळ्यावर नागली येते, वरई येते, भात येतो. मळणी होते. मग घरातली बाई सूप हातात घेते. सूप वर जाते, खाली येते. फोल पुढे उडून पडते. दाणा मागे राहतो. शेवटी ती सूप हलकेच घोळते. खडे एका बाजूला येतात. ते ती बोटांनी काढून टाकते.

हे काम आपण रोज पाहतो. म्हणून त्यात काही विशेष वाटत नाही. पण थोडा विचार करा. दाणा आणि फोल एकत्र मिसळलेले होते. त्यांना वेगळे कोणी केले? सुपाने केले, वाऱ्याने केले. पण कशाच्या आधारावर केले?

वजनाच्या आधारावर. फोल हलके, दाणा जड. सूप जणू प्रत्येक कणाला विचारते, "तू हलका की जड?" चाळणी दुसरा प्रश्न विचारते. ती म्हणते, "तू बारीक की मोठा?" बारीक असेल तो खाली पडतो, मोठा असेल तो वर राहतो.

आता एक अडचण पाहू. समजा दोन प्रकारचे कण आहेत. दोन्ही सारखेच बारीक, आणि दोन्हींचे वजनही जवळजवळ सारखे. त्यांना वेगळे कसे करायचे? सूप हात टेकते. चाळणीही हात टेकते. अशा वेळी माणसाने विजेचे सूप तयार केले. त्याचीच ही गोष्ट आहे.

ओढ्यातली काळी रेघ

पाऊस संपला की ओढ्याच्या काठी वाळू साचते. नीट पाहा. वाळूवर कुठे कुठे काळी रेघ दिसते. पाण्याने हलकी वाळू पुढे नेली आणि जड काळे कण मागे ठेवले. म्हणजे ओढ्यानेही पाखडण्याचे कामच केले.

जुन्या, बिघडलेल्या रेडिओच्या कर्ण्यात लोहचुंबक असतो. तो कागदात गुंडाळा आणि सुकलेल्या काळ्या वाळूवरून फिरवा. काळी पूड कागदाला चिकटून वर येते. ही पूड लोखंडाच्या जातीची आहे. ती आली कुठून? आपल्या डोंगरातून. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा आहे. ऊन, पाऊस आणि वारा यांनी तो पाषाण हजारो वर्षे झिजतो. त्यातले बारीक कण ओढ्यात येतात. ओढ्यातून ते वैतरणेसारख्या नदीत जातात आणि शेवटी समुद्राला मिळतात.

एखादा म्हणेल, "मग ही पूड विकून पैसा मिळेल का?" नाही. मूठभर पुडीला कोणी भाव देत नाही. पण जिथे समुद्राने अशा काळ्या वाळूचे मोठे थर लावून ठेवले आहेत, तिथली गोष्ट वेगळी.

आपल्या कोकणात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अशी काळी वाळू आहे. तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज सापडते. इल्मेनाइटमध्ये लोखंड असते आणि टायटॅनियम नावाचा धातू असतो. दक्षिणेला केरळात कोल्लमजवळ चवरा नावाचे गाव आहे. तमिळनाडूत कन्याकुमारी जिल्ह्यात मनवालकुरिची आहे. ओडिशात छत्रपूर आहे. या ठिकाणच्या वाळूत तर अनेक खनिजे एकत्र आहेत. तिकडचा खडक आपल्यासारखा नाही, म्हणून तिकडची वाळूही आपल्यासारखी नाही. जसा डोंगर, तशी वाळू.

एकाच वाळूत किती वस्तू!

चवऱ्याच्या वाळूत काय काय असते ते पाहा.

साधी पांढरी वाळू असते. ती म्हणजे गारेचा चुरा.

इल्मेनाइट असते. ते काळे. त्यापासून पांढरा रंग करतात. काळ्या वाळूपासून पांढरा रंग, हे ऐकून नवल वाटेल, पण ते खरे आहे. भिंतीच्या रंगात जो पक्का पांढरेपणा असतो, तो पुष्कळदा या टायटॅनियमचा असतो.

रुटाइल असते. तेही टायटॅनियमचेच. वेल्डिंगच्या कांडीवर जो लेप असतो, त्यात ते वापरतात.

झिरकॉन असते. ते फरशीच्या चकाकीसाठी लागते. ओतकामाच्या साच्यासाठीही लागते, कारण ते फार मोठी आच सोसते.

गार्नेट असते. ते लालसर आणि कठीण. घासण्याच्या कामी येते.

आणि मोनाझाइट असते. त्याचे कण पिवळसर. त्यातून थोरियम मिळते. जुन्या माणसांना लग्नातली गॅसबत्ती आठवत असेल. तिच्यात पांढरी जाळी असे. तिला आपण मेंटल म्हणत होतो. त्या जाळीचा लख्ख उजेड थोरियममुळे पडत असे.

आता ही सगळी मंडळी एकत्र मिसळलेली. कण मिठाहून बारीक. कारखान्यात पहिले काम पाण्याचे. वाळू पाण्यात कालवून वळणावळणाच्या पन्हळीतून खाली सोडतात. हलकी पांढरी वाळू बाहेरच्या कडेला जाते. जड खनिजे आतल्या कडेला राहतात. ती वेगळी घेतात. भाजी धुताना माती खाली बसते आणि पाला वर तरंगतो, तसाच काहीसा हा प्रकार.

पण यापुढे पाणी थकते. कारण इल्मेनाइट, रुटाइल, झिरकॉन आणि मोनाझाइट ही चारही जड. त्यांच्या वजनात फरक आहे, पण थोडाच. मग दुसरा प्रश्न विचारावा लागतो. तो प्रश्न असा: "तुझ्यातून वीज वाहते की नाही?"

आधी घरी करून पाहा

ही वीज तारेतली नव्हे. तारेतल्या विजेशी खेळू नका. त्याने जीव जातो. ही घासून तयार होणारी वीज आहे. तिला स्थिर वीज म्हणतात. हिवाळ्यात रात्री नायलॉनचा सदरा अंगातून काढताना चरचर आवाज होतो. अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात. तीच ही वीज.

पाण्याच्या प्लास्टिकच्या पाइपाचा हातभर तुकडा घ्या. तो सुका असू द्या. लोकरीच्या घोंगडीवर तो वीस-पंचवीस वेळा जोराने घासा. मग खाली ठेवलेल्या वस्तूंजवळ न्या.

पहिल्यांदा खाली नागलीचा सुका कोंडा ठेवा. पाइप जवळ येताच कोंडा उडी मारून त्याला चिकटतो. घासल्यामुळे पाइपावर वीज साचली. ती हलक्या वस्तूला ओढते.

आता दुसरा खेळ. जेवण गुंडाळायची चंदेरी पन्नी घ्या. तिचे तिळाएवढे तुकडे करा. दुसरीकडे थर्माकोलचे दाणे ठेवा. पाइप पुन्हा घासा आणि दोन्हींवर धरा. काय दिसते?

दोन्ही उडी मारून पाइपाकडे येतात. पण पन्नीचा तुकडा पाइपाला लागतो आणि लगेच फटकन दूर उडतो. थर्माकोलचा दाणा मात्र चिकटून बसतो.

असे का झाले? पन्नी धातूची आहे. धातूतून वीज सहज वाहते. पाइपाला लागताच पाइपावरची वीज तिने घेतली. आता दोघांवर एकाच जातीची वीज झाली. एकाच जातीची वीज एकमेकांना ढकलते. म्हणून पन्नी उडाली. थर्माकोलमधून वीज वाहत नाही. म्हणून तो तसाच चिकटून राहिला.

म्हणजे काही वस्तू वीज पटकन देतात-घेतात. काही वस्तू वीज धरून बसतात. वस्तूवस्तूंतला हा फरक आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, सुपालाही कळत नाही. पण विजेला बरोबर कळतो.

एक सूचना. हा खेळ आषाढ-श्रावणात करू नका. त्या दिवसांत खोडाळ्यात धुके आणि पाऊस. सगळ्या वस्तूंवर ओल बसते. ओलीतून वीज निसटून जाते, आणि खेळ फसतो. पौष-माघातला कोरडा दिवस निवडा.

कारखान्यातले विजेचे सूप

हाच फरक कारखान्यात उपयोगी पडतो. तिथेही पहिली काळजी ओलीचीच. म्हणून वाळू आधी भट्टीत चांगली तापवतात. पाणी उकळेल याहून जास्त. कण कोरडा ठणठणीत झाला पाहिजे.

मग यंत्र. एक लोखंडी रूळ असतो. तो गोल फिरत असतो. रूळ जमिनीशी जोडलेला असतो, म्हणजे त्याच्यावर आलेली वीज जमिनीत जाते. रुळाजवळ, पण त्याला न लागता, एक बारीक तार ताणलेली असते. आपल्या घरच्या दिव्याला 230 व्होल्टची वीज लागते. या तारेत 20,000 ते 30,000 व्होल्टची वीज असते. तिच्यामुळे भोवतालच्या हवेतून विजेचा जणू फवारा रुळाकडे उडतो.

वरून तापलेली वाळू पातळ थराने रुळावर पडते. तारेजवळून जाताना प्रत्येक कणावर विजेचा फवारा बसतो. इथपर्यंत सगळे कण सारखे. पुढे फरक पडतो.

इल्मेनाइटच्या आणि रुटाइलच्या कणातून वीज वाहते. त्यांनी अंगावरची वीज लगेच रुळाला देऊन टाकली. ते मोकळे झाले. रूळ फिरतोच आहे. त्या झोकाने ते पुढे फेकले गेले. ते एका खणात पडले.

झिरकॉनच्या आणि मोनाझाइटच्या कणातून वीज वाहत नाही. ती अंगावरच राहिली. त्या विजेने त्यांना रुळाला चिकटवून ठेवले. उन्हाळ्यात सुक्या गवतातून चालले की कुसळे धोतराला, लुगड्याला चिकटतात आणि घरापर्यंत येतात. तसे हे कण रुळाबरोबर मागच्या बाजूपर्यंत गेले. तिथे कुंचल्याने त्यांना झाडून काढले. ते दुसऱ्या खणात पडले.

झाले पाखडणे! वारा नाही, हात नाही. फक्त वीज.

एका फेरीत निवड पुरी होत नाही. एखादा कण दुसऱ्याच्या पाठीवर बसून चुकीच्या खणात जातो. बाईसुद्धा एकदा पाखडून थांबत नाही. इथेही वाळू पुन्हा पुन्हा रुळावरून जाते.

दोन प्रश्न, चार ढीग

आता दोन ढीग झाले. एकात इल्मेनाइट आणि रुटाइल. दुसऱ्यात झिरकॉन आणि मोनाझाइट. पुढचा प्रश्न लोहचुंबक विचारतो. "तू माझ्याकडे ओढला जातोस का?"

पहिल्या ढिगात इल्मेनाइट ओढले जाते, रुटाइल नाही. दुसऱ्या ढिगात मोनाझाइट थोडेसे ओढले जाते, झिरकॉन नाही. मोनाझाइटसाठी चुंबक फार जोरकस लागतो. रेडिओच्या कर्ण्यातला पुरत नाही.

पाहा, दोनच प्रश्न विचारले आणि चार ढीग वेगळे झाले. एक-एक कण बोटाने निवडायला बसलो असतो, तर माणसाचा जन्म गेला असता आणि पोते भरले नसते.

ही युक्ती आली कुठून? तिची सुरुवात खनिजाच्या कारखान्यात झाली नाही, पिठाच्या गिरणीत झाली. 1880 च्या सुमारास अमेरिकेत गव्हाच्या रव्यातून कोंडा काढण्यासाठी रबराचे रूळ लोकरीवर घासत. घासलेले रूळ रव्यावरून फिरत आणि कोंडा उचलून घेत. तुम्ही पाइपाने नागलीचा कोंडा उचललात, तेच हे. पुढे तीच युक्ती खाणीवाल्यांनी घेतली. म्हणजे हे सूप आधी धान्यासाठीच होते.

याच विजेचे आणखी एक काम आपल्याच जिल्ह्यात चालते. डहाणूला दगडी कोळशावर चालणारे वीज केंद्र आहे. ते 1995 साली सुरू झाले. कोळसा जळाला की धुराबरोबर बारीक राख उडते. ती धुरांड्यातून बाहेर पडू नये म्हणून धूर आधी विजेने भारलेल्या पत्र्यांमधून नेतात. राखेवर वीज बसते आणि राख पत्र्याला चिकटते. ती झाडून काढतात. वाळूत कण वेगळे करायचे, इथे धुरातून राख वेगळी करायची. तत्त्व एकच.

ज्याला कळले त्याला लाभले

आता या गोष्टीतला खरा मुद्दा.

आपल्याकडची पुष्कळ माणसे पावसाळा सरला की कामाला बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर जातात, कोणी रेती काढायला जातात. रेती ब्रासच्या भावाने विकली जाते. तिच्यात काय आहे, हे कोणी पाहत नाही.

केरळात एके काळी असेच होते. तिथला काथ्या परदेशात जाई. 1909 साली शोंबर्ग नावाच्या जर्मन माणसाने काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट ओळखले. त्या काळी युरोपात गॅसबत्तीची जाळी जोरात खपत होती. लगेच परदेशी कंपन्या आल्या. वाळू बोटीत भरून बाहेर जाऊ लागली. ज्या किनाऱ्यावर कोळी पिढ्यान् पिढ्या जाळी सुकवत होते, त्याच किनाऱ्याची किंमत दूरच्या माणसाला आधी कळली.

स्वातंत्र्यानंतर हे बदलले. 1950 साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी निघाली. ती सरकारची आहे. तिची मुख्य कचेरी मुंबईला आहे. 1952 साली केरळात आलुवा येथे मोनाझाइटचा कारखाना सुरू झाला. थोरियम अणुशक्तीच्या कामाचे आहे. म्हणून मोनाझाइटवर सरकारचा ताबा असतो. त्यातून न दिसणारे किरणही निघतात. ते सांभाळून हाताळावे लागते.

पण गोष्ट इथे संपत नाही. वाळूचा डोंगरावर एक उपयोग, कारखान्यात दुसरा, आणि किनाऱ्यावर तिसरा. किनाऱ्यावरची वाळू म्हणजे गावाचा बांध. ती समुद्राला अडवते. कोल्लम जिल्ह्यात आलप्पाड नावाची पंचायत आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालवा, मध्ये जमिनीची अरुंद पट्टी. तिथल्या लोकांनी 2018 साली साखळी उपोषण सुरू केले. त्यांचे म्हणणे असे, की वाळू काढल्यामुळे आमची जमीन समुद्रात चालली. खनिज देशाला हवे, हे खरे. घर आपल्याला हवे, हेही तितकेच खरे. या दोहोंची निवड कोणतेही यंत्र करत नाही. ती माणसांनी बसून, बोलून करायची असते.

आपल्याकडे समुद्र नाही. पण दगड आहे, मुरूम आहे, ओढ्यानदीची वाळू आहे. कायद्यात यांना गौण खनिज म्हणतात. ओढ्यातली वाळू पाणी धरून ठेवते. ती सगळी उपसली तर काठच्या विहिरीचे पाणी खाली जाते. जव्हार आणि मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रांसाठी 1996 साली पेसा कायदा झाला. गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य त्या पंचायतीची शिफारस लागते, असे त्यात लिहिले आहे.

म्हणून कागद समोर आला की अंगठा पुढे करू नका. आता तुम्हाला वाचता येते. कागद वाचा. काय नेणार? किती ब्रास नेणार? कुठून नेणार? गावाला काय मिळणार? गावाचे काय जाणार? ग्रामसभेत उभे राहून हे विचारा. बायांनीही विचारा, कारण विहिरीवर हंडा घेऊन त्यांनाच जावे लागते.

सूप वजन विचारते. चाळणी आकार विचारते. वीज कणाचा स्वभाव विचारते. योग्य प्रश्न विचारला की मिसळलेले वेगळे होते. माणसाच्या व्यवहारातही तसेच आहे. प्रश्न विचारल्याशिवाय दाणा कोणता आणि फोल कोणते, ते कळत नाही.

वाचा आणि सांगा

1. पन्नीचा तुकडा पाइपाला लागून दूर का उडाला?

2. कारखान्यात वाळू आधी तापवतात, ती कशासाठी?

3. तुमच्या गावच्या ओढ्यातून वाळू नेण्याचा कागद आला, तर ग्रामसभेत तुम्ही कोणते प्रश्न विचाराल?